१८ रुपये किलो: पाथर्डी फाट्यावरची एक सोसायटी आणि चांदवडच्या कांद्याचे तीन हंगाम

मे २०२३मधल्या एका रविवारी सकाळी नाशिकमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिकअप येऊन उभी राहिली. आत ३० किलोच्या ६० जाळीदार गोण्या, एकूण १८ क्विंटल उन्हाळ कांदा. भाव जानेवारीतच ठरला होता, १८ रुपये किलो, घरपोच. त्याच सकाळी फाट्यावरच्या हातगाडीवर कांदा १० रुपयांना मिळत होता.

गाडी रिकामी होण्याआधीच पहिला आवाज आला, "मॅडम, हे जरा महागात पडतंय."

पुढे तीन हंगाम जे घडलं, ते सगळं या वाक्यातून निघालं आहे. हिशेबाची वही माझ्याकडे होती, फोन मीच करत होते आणि चुकाही बऱ्याचशा माझ्याच. फेअर ट्रेड, म्हणजे रास्त व्यापार, हा विषय बहुतेकांनी कॉफीच्या पाकिटावरच्या शिक्क्यापुरता ऐकलेला असतो. आपल्याकडच्या कांद्याच्या गोणीवर तसा शिक्का नसतो. पण शिक्क्यामागचे नियम कांद्याला लावता येतात का, हे तीस कुटुंबांनी करून पाहिलं. त्याची ही नोंद.

सुरुवात कशी झाली

आमच्यातल्या एकांचे अंबडच्या कारखान्यातले सहकारी चांदवड तालुक्यातले. त्यांचे थोरले भाऊ गावाकडे शेती करतात. पाच एकर जमीन, त्यातला तीन एकर उन्हाळ कांदा. आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांच्या घरच्यांना वहिनी. डिसेंबर २०२२मध्ये दादा काही कामासाठी नाशिकला आले होते, तेव्हा चहा पिता पिता त्यांनी खिशातून हिशेबपट्टी काढून दाखवली. वजन, भाव, त्याखाली हमाली, तोलाई, वाराई अशा कपाती. ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. हातात उरलेला आकडा बघून आमच्यातले दोघं-तिघं गप्पच झाले.

नाशिकच्या माणसाला हे नवीन नाही. २०१८च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांद्याचे आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांकडे पाठवले होते. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटलहून जास्त कांदा विकून सगळी कपात जाता एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. आपण ही बातमी वाचतो, हळहळतो, आणि संध्याकाळी भाजीवाल्याला "पाच किलो घेतो, काहीतरी कमी कर" असं म्हणतो. मीही म्हणत आले आहे.

व्यापाऱ्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण आमच्या पहिल्या बैठकीत सगळा राग त्यांच्यावरच निघाला होता. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतचा व्यापारी रोज ट्रॉल्यांच्या लिलावात बोली लावतो, माल छाटतो, साठवतो, चेन्नई, कोलकाता, ढाक्यापर्यंत पोचवतो. निर्यातीवर एका रात्रीत बंदी आली की त्याचाही पैसा अडकतो. हे काम खरं आहे आणि ते कुणीतरी करायलाच हवं. अडचण लिलावाच्या रचनेत आहे. ट्रॉलीपुढे बोली काही मिनिटांत संपते. भाव पटला नाही तर माल परत न्यायचा, म्हणजे भाडं दुप्पट. व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना खालचा माल हलका निघाला असं म्हणून वांधा काढला, की ठरलेला भावही खाली येतो. तिथे उभ्या शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची ताकदच नसते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२४मधल्या एका अभ्यासनिबंधात कांद्याच्या ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याकडे साधारण ३६ पैसे जातात असा अंदाज आहे. टोमॅटोत हा वाटा ३३, बटाट्यात ३७.

थेट शेतकऱ्याकडून घेण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. २०१६पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकता येतो. प्रश्न होता भावाचा.

वहीतला न लिहिलेला रकाना

जानेवारी २०२३मध्ये आम्ही चौघं चांदवडला गेलो. दादांकडे खर्चाची वही होती, शाळेची जुनी दोनशेपानी. एका एकराचा हिशेब त्यांनी वाचून दाखवला आणि मी उतरवून घेतला. उळे (कांद्याचं बी) आणि रोपवाटिका ७,०००. मशागत, वाफे ९,०००. लागवड उक्ती १२,०००. खतं १४,०००. औषधं, तणनाशक, निंदणी १३,०००. पाणी आणि त्यावरची मजुरी ५,०००. काढणी आणि पात कापणी १३,०००. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, वाहून भरणं ५,०००. एकूण ७८,०००. माल ९० क्विंटल निघेल, असा त्यांचा अंदाज.

आमच्यातल्या एकांनी मोबाईलवर लगेच भागाकार केला. "म्हणजे किलोला पावणेनऊ रुपये. बारा दिले तरी चांगलंच की."

वहिनी दाराशी बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांना विचारलं, "तुमचे दिवस कुठे लिहिलेत यात?"

"माझे?" त्या हसल्या. "घरचंच ना ते."

मग आम्ही दिवस मोजायला बसलो. रोपं उपटायला त्या होत्या. मजूर बायांना वाफे दाखवायला, पाणी भरायला रात्रीच्या लाइटीला दोघंही. रब्बीत शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. काढणीनंतर कांदा पातीसकट शेतात सुकवायचा, दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची, सावलीत पोळी, म्हणजे ढीग, लावायची, मग चाळीत भरायचा. चाळीत भरताना प्रत्येक कांदा एकदा तरी हातात घेतला जातो. जोड, डेंगळे, चिंगळी आणि गोल्टी, म्हणजे छोटा कांदा, वेगळी निघते. दोघांचे मिळून एका एकरामागे शंभराच्या आसपास दिवस भरले. गावातल्या मजुरीच्या दराने त्याचे ३०,००० झाले. जमिनीचा खंड आणि उधारीवरचं व्याज मिळून १२,०००. नव्वद क्विंटलातला दहा क्विंटल बारीक आणि जोड माल बाजूला काढला, तर चांगला ८० क्विंटल उरतो. १,२०,००० भागिले ८०, म्हणजे १,५०० रुपये क्विंटल. गोणी आणि नाशिकपर्यंतच्या गाडीचे दीडशे. वर दीडशे रुपये दादांच्या हाती उरावेत म्हणून. असे १,८०० झाले.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वहिनींचे दिवस. ते धरले नसते, तर आम्ही बारा रुपये देऊन स्वतःला न्यायी समजलो असतो. रास्त व्यापाराच्या चळवळीतली वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन ही संघटना दहा तत्त्वं मानते. त्यात रास्त मोबदला आहे, आणि बाईच्या कामाचे पैसे तिला मिळाले पाहिजेत हेही आहे. चांदवडच्या त्या दारात बसेपर्यंत ते मला कागदावरचं वाटत होतं.

याच संघटनेचं आणखी एक तत्त्व आम्ही उचललं. मागणी नोंदवतानाच निदान अर्धी रक्कम आधी द्यायची, उत्पादकाने मागितली तर. दादांनी ती मागितली. लागवडीच्या दिवसांत हातात रोकड नसते, म्हणून खतं-औषधं दुकानातून उधारीवर येतात आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच असतो. ३० कुटुंबांनी प्रत्येकी ६० किलोची नोंद केली, एकूण ३२,४०० रुपये झाले. निम्मे १६,२०० आम्ही जानेवारीतच दिले. एका कुटुंबामागे ५४०.

लेखी असं काहीच केलं नाही. चांगल्या हेतूवर भरवसा ठेवला. ती माझी पहिली चूक.

"तुम्ही म्हणाल तसं"

एप्रिल-मे २०२३मध्ये लासलगावला उन्हाळ कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला हजाराच्या आत होता. त्याआधी मार्चमध्ये सरकारने क्विंटलला ३०० आणि मग ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं होतं, तेसुद्धा उन्हाळच्या आधी येणाऱ्या लाल आणि रांगड्या कांद्याचे हाल बघून. म्हणजे भाव पडलेला सगळ्यांना दिसत होता. आणि आम्ही अठराने घेत होतो.

त्या रविवारी पाच कुटुंबांचं म्हणणं होतं, उरलेले पैसे बाजारभावाने द्यावेत. त्यांना वाईट माणसं म्हणणार नाही. एकांकडे त्या महिन्यात नोकरी नव्हती. दुसऱ्यांचा मुद्दा सरळ होता: आपण मदत करतोय की खरेदी? खरेदी असेल, तर भाव बाजाराचा. सेक्रेटरी म्हणाले, "दादांनाच विचारून बघा. ते हो म्हणाले तर प्रश्न मिटला."

मी बाजूला जाऊन फोन लावला. दादा गाडीबरोबर आले नव्हते, धाकटा मुलगा आला होता. मी चाचरत सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तसं."

मी फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. जिना चढता चढता लक्षात आलं, की हेच वाक्य ते ट्रॉलीपुढे उभं राहून व्यापाऱ्यालाही म्हणतात. माल उतरलेला आहे, गाडी परत नेणं परवडत नाही, समोरचा म्हणेल तो भाव. आम्ही चार महिने खपून पार्किंगमध्ये लिलावच उभा केला होता, फक्त बोली लावणारे आम्ही होतो.

खाली येऊन मी तेवढंच सांगितलं. ते हो म्हणालेत, पण त्या 'हो'ला अर्थ नाही. अर्धा तास बरंच बोलणं झालं. फरक कुटुंबामागे ४८० रुपयांचा होता, दादांच्या बाजूने तो १४,४०० रुपयांचा होता. शेवटी भाव अठराच राहिला. पाच कुटुंबांनी माल घेतला नाही. त्यांच्या वाटचे तीन क्विंटल बाकीच्यांनी वाटून घेतले आणि त्यांनी आधी भरलेले पैसे वर्गणी काढून परत केले. पुढच्या वर्षी त्यांतलं कुणी आलं नाही. त्यांतल्या एकांशी जिन्यात बोलणं अजूनही थोडं अवघडच असतं.

कॉफीत हा पेच जुना आहे. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर रास्त व्यापाराचा पहिला शिक्का लागला. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली आणि जगभर कॉफीचे भाव गडगडले. तिथून पुढे फेअरट्रेडने, म्हणजे हा शिक्का देणाऱ्या व्यवस्थेने, जी पद्धत बसवली ती अशी: एक किमान भाव ठरवायचा, बाजार त्याच्या खाली गेला तर किमान भाव द्यायचा, वर गेला तर बाजारभाव. त्याशिवाय प्रीमियम म्हणून वेगळी रक्कम, जी कुठे खर्च करायची ते उत्पादकांनीच ठरवायचं. ऑगस्ट २०२३मध्ये धुतलेल्या अरेबिका कॉफीचा किमान भाव पौंडाला १ डॉलर ४० सेंटवरून १ डॉलर ८० सेंट झाला. प्रीमियम २० सेंट. किमान भावाची किंमत कळते ती बाजार पडल्यावर. बाजार चढा असताना तो भाव द्यायला कुणाचीच ना नसते.

दुसरा हंगाम: कागद, आणि लागवडीच्या बाया

ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. लाल कांदा बाजारात येत असताना भाव काही दिवसांत निम्म्यावर आले, नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. त्या महिन्यात दादांचा फोन आला. "औंदा लावू का नको, तेच कळंना. तुमचं नक्की असेल तर तेवढं तरी लावतो."

जानेवारी २०२४मध्ये आम्ही एक पानी करार केला. २५ जुनी कुटुंबं, तीन नवी. मे महिन्यात १४ क्विंटल १८ रुपयांनी. सप्टेंबरमध्ये चाळीतला आठ क्विंटल २२ रुपयांनी, कारण चार महिन्यांत वजन घटतं, कांदा सडतो, कोंब येतात. चाळीत ३० ते ४० टक्के नुकसान होतं हे कांद्यातल्या माणसाला तोंडपाठ असतं. हे नुकसान एकट्या दादांवर पडू नये म्हणून वरचे चार रुपये. आणि शेवटचं कलम: माल देण्याच्या आठवड्यात लासलगावचा सरासरी भाव आमच्या भावापेक्षा जास्त असेल, तर वरचा फरक निम्मा-निम्मा. फेअरट्रेडच्या नियमाने पूर्ण बाजारभाव द्यायला हवा होता. ते आमच्या बैठकीत मान्य झालं नाही. निम्म्यावर तडजोड झाली, आणि ती तडजोडच आहे हे मी लपवत नाही.

आगाऊ २१,४०० रुपये द्यायला गेलो तो नेमका लागवडीचा दिवस होता. वाफ्यात पाणी सोडलेलं. अकरा बाया ओळीने ओणव्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट चिखलात. रोप टोचलं, बोट बाहेर, पुढचं रोप. बोलणं चालूच, हात थांबत नव्हते. एकीने उजवा हात पाण्यात धुऊन मला दाखवला. नखाच्या कडेची कातडी सोललेली, बोटाच्या टोकावरच्या रेषा पुसून गेलेल्या. "रेशनच्या मशीनला अंगठा लागत नाही ताई या दिवसांत. दोन-दोनदा जावं लागतं."

मागच्या वर्षी आम्ही दादा-वहिनींचे दिवस मोजले होते. या बायांचे नाही. 'लागवड उक्ती १२,०००' एवढीच ओळ होती. त्यातून मुकादमाचं आणि गाडीचं जाऊन एकेकीला काय मिळतं, हे आम्ही विचारलंही नव्हतं.

म्हणून किलोमागे दोन रुपये वेगळे काढले. २२ क्विंटलचे ४,४०० रुपये. आमच्या ग्रुपवर सूचना सुरू झाल्या. हातमोजे घेऊन देऊ. पाण्याचे थर्मास. आरोग्य तपासणी शिबिर. सगळ्या सूचना मनापासूनच्या होत्या. मी वहिनींमार्फत बायांना विचारलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: हातमोज्याने रोप धरता येत नाही. रोख द्या, आखाजीच्या आधी.

आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही. पैसे कुठे जातील, नवरेच घेतील. पण प्रीमियम कुठे खर्चायचा ते उत्पादकांनी ठरवायचं, हा नियम आपणच वाचून दाखवला होता. १० मे २०२४ला अक्षय्य तृतीया होती. त्याच्या दोन दिवस आधी अकरा जणींना प्रत्येकी ४०० रुपये मिळाले, साधारण एका दिवसाची मजुरी. फार नाही. पुढे एकीने त्या पैशांचं काय केलं ते वहिनींनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा मी त्यांना थांबवलं. तो हिशेब आमचा नव्हता.

मे २०२४च्या खेपेला काहीच अडचण आली नाही. निर्यातबंदी नुकतीच उठली होती, भाव अठराच्या आत-बाहेर होता.

खरी परीक्षा सप्टेंबरात आली. उन्हाळ कांदा चाळींत संपत आला, नवा लाल अजून शेतात, आणि लासलगावचा सरासरी भाव चार हजारांच्या वर गेला. नाशकात हातगाडीवर कांदा ५०च्या पुढे. दादांनी ठरल्या दिवशी फोन केला. "आठ क्विंटल काढून ठेवलाय. बावीसनेच देतो. शब्द दिलाय."

मी म्हटलं, "कागदात फरकाचं कलम आहे ना दादा."

"तुमच्या लोकांना जड जाईल."

त्या आठवड्याचा सरासरी भाव ४,२०० धरला. फरक वीस रुपये, निम्मा दहा. म्हणून ३२ रुपये किलो. पुन्हा बैठक, पुन्हा कुरबूर, आणि या वेळचा मुद्दा मला खोडता आला नाही. "मागच्या वर्षी बाजार दहा असताना आपण अठरा दिले. मग आता बाजार बेचाळीस असताना बावीस का नाही? त्यांनी आपल्याला सांभाळून घ्यायला नको?" माझं उत्तर एवढंच होतं, की पडलेल्या भावात आपण त्यांना खर्च भरून दिला, नफा नाही. चढा भाव आला तो चाळीत कांदा सांभाळण्याचा धोका त्यांनी पत्करला म्हणून. सगळ्यांना पटलं असं नाही. पण कागद होता. वीस कुटुंबांनी प्रत्येकी ४० किलो घेतला, ३२ने. तरी तो हातगाडीपेक्षा स्वस्तच पडला. आणि दादांना बाजारापेक्षा दहा रुपये कमी मिळाले, हेही तितकंच खरं.

तिसरा हंगाम: भिजलेला कांदा

मे २०२५मध्ये नाशिक जिल्ह्यात अवकाळीने आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकला. शेतात सुकायला ठेवलेल्या पोळी भिजल्या. दादांचा फोन: "पंधरा क्विंटल सांगितलाय, पण सगळा घेऊ नका. पावसाआधी चाळीत गेलेला नऊ क्विंटल आहे, तेवढाच देतो. बाकीचा टिकायचा नाही."

बाजारात भाव हजार-बाराशेच्या आसपास होता. आम्ही त्या वर्षी मजुरी वाढली म्हणून १९ ठरवले होते. ते सहा क्विंटल आमच्या माथी मारले असते, तर आम्हाला कळायला दोन आठवडे लागले असते. तोवर पैसे त्यांच्या हातात आलेले असते.

तरीही जूनमध्ये ग्रुपवर फोटो यायला लागले. काजळी धरलेले कांदे, मऊ पडलेली मान, पाणी सुटलेली गोणी. सहा-सात घरांतून तक्रार. दादा म्हणाले, बदलून देतो. देण्याआधी मी ती घरं फिरून बघून आले. दोन घरांत गोण्या वॉशिंग मशीनमागच्या फटीत, एका घरात चक्क प्लॅस्टिकच्या बंद पिंपात. एका बाल्कनीत पावसाची झड थेट गोणीवर. पण तीन घरांत कांदा नीट पसरून ठेवलेला होता आणि तरीही सडला होता. म्हणजे दोष दोन्हीकडचा. या तीन घरांना दादांनी बदली माल दिला. बाकीच्यांना मी कांदा कसा ठेवायचा ते लिहून पाठवलं: गोणी मिळाल्या दिवशी सोडायची, जमिनीपासून उंच, हवेशीर, एकावर एक ढीग नको, आठवड्याला एकदा हात फिरवून खराब निघेल तो बाजूला. बटाट्याशेजारी ठेवायचा नाही. कराराच्या कागदात याबद्दल एक ओळही नव्हती. ही दुसरी चूक.

तीन वर्षांत काय बदललं, काय नाही

दादांचा तीन एकरांतला कांदा साधारण २७० क्विंटल. आम्ही घेतो त्यातला दहावा हिस्सासुद्धा नाही. बाकीचा माल अजूनही चांदवड किंवा लासलगावलाच जातो, त्याच लिलावात. मी त्यांना एकदा विचारलं, मग आमच्यामुळे फरक काय पडतो? ते म्हणाले, "जानेवारीत दुकानदारापुढं उभं राहावं लागत नाही." आगाऊ पैशांतून खतं रोखीने येतात. भावापेक्षाही हे त्यांना जास्त मोलाचं वाटतं, असं माझं मत झालं आहे.

म्हणून कुणी विचारलं, की आम्ही काय करायचं, तर मी शिक्का शोधा असं आधी सांगत नाही. कॉफी, चहा, चॉकलेट घेताना फेअरट्रेडचा शिक्का दिसला तर जरूर घ्यावं, त्यामागे किमान भावाचा आणि तपासणीचा नियम आहे. पण आपल्या पिशवीतलं बहुतेक सामान त्याबाहेरचं असतं. तिथे पाच-सात कुटुंबं मिळून एका शेतकऱ्याशी बोलली तरी पुरे. पेठ-सुरगाण्याच्या बचत गटांकडून नागली किंवा वरई घेता येते. येवल्याची पैठणी घेताना विणकराच्या घरी जाऊन माग बघता येतो, आणि 'हातमागाची' म्हणून पॉवरलूमची गळ्यात पडत नाही ना, ते पारखता येतं. अट एकच: आधी खर्च विचारायचा, त्यात घरच्या बाईचे दिवस धरायचे, आणि मग भाव बोलायचा. गोल्टीही घ्यावी. फोडणीला ती मोठ्या कांद्याइतकीच चालते आणि बाजारात तिला भाव कमी मिळतो. आम्ही गेल्या वर्षीपासून दोन क्विंटल गोल्टी दहा रुपयांनी घेतो.

आणि पैसे त्याच दिवशी द्यायचे. आमच्याकडे एका सज्जन गृहस्थांचे ९५० रुपये सव्वा महिना राहिले होते. विसरले होते, एवढंच. पण दादांनी ते कधीच मागितले नसते.

२०२६च्या हंगामासाठी बोलणी चालू आहेत. दादांनी २० रुपये सांगितले आहेत. वही पुन्हा उघडली, तर तिच्यात नवा रकाना होता, शाईच्या पेनाने आखलेला, वर 'माझे दिवस' असं लिहिलेलं. अक्षर वहिनींचं. काही ठिकाणी अर्धा दिवसही मांडलेला.

नव्या कागदात सड-घसाऱ्याचं कलम येणार आहे: पहिल्या दहा दिवसांतली सड दादांची, पुढची ज्याची त्याची. एका मुद्द्यावर मात्र अजून अडलं आहे. लागवडीच्या बायांना दोन रुपयांतून वाटा मिळतो, पण काढणीला टोळी वेगळी असते, सुरगाण्याकडून येणारी, महिनाभर मळ्यावरच झोपडी टाकून राहणारी. तेच दोन रुपये दोन्हीकडच्या बायांत वाटायचे, की आम्ही तीन करायचे? सेक्रेटरींच्या मते भाव बाविसाच्या वर गेला तर चार-पाच कुटुंबं गळतील. त्यांचा अंदाज बरोबर असेल. टोळीच्या बायांचं म्हणणं काय आहे ते अजून कुणी विचारलेलं नाही. काढणी सुरू झाली की मार्चअखेर आम्ही तिघी चांदवडला जाणार आहोत.